रद्दीतल्या कॉमिक्सचं चित्र कोटींना गेलं. चित्रकार रॉय लिक्टनस्टाईन यांची गोष्ट

मुलांचं कॉमिक्स वाचून झालं की या हातातून त्या हातात जातं. पानं सुटतात, कव्हर फाटतं आणि शेवटी ते रद्दीच्या गठ्ठ्यात जाऊन पडतं. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत असं पुस्तक दहा-बारा सेंटला मिळायचं, म्हणजे खिशातली चिल्लरच.

त्याच पुस्तकांतला एकेक चौकोन एका चित्रकाराने उचलला आणि तो भिंतीएवढा मोठा करून रंगवला. आज ती चित्रं न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि लंडनच्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यातलं एक चित्र २०१७ मध्ये १६ कोटी ५० लाख डॉलरला विकलं गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या वेळच्या दराने हे झाले सुमारे अकराशे कोटी रुपये!

या चित्रकाराचं नाव रॉय लिक्टनस्टाईन. कोणी त्यांना विसाव्या शतकातला थोर कलाकार म्हणतं, तर कोणी सरळ नकल्या म्हणतं. त्यांना जाऊन पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी हा वाद मिटलेला नाही. म्हणूनच त्यांचं आयुष्य जाणून घेण्यासारखं आहे.

चांगल्या घरातला शांत मुलगा

रॉय यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९२३ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील मिल्टन हे जागा-घरांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात होते. आई बिॲट्रिस घर सांभाळायची, तिला पियानो वाजवता यायचा. रॉयला एक धाकटी बहीण होती. घरात खायची-प्यायची ददात नव्हती.

मुलगा शांत होता. त्याला चित्रांचा नाद होता आणि जॅझ नावाच्या संगीताचं वेड होतं. हे संगीत तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेलं. ते ऐकायला हा पोरगा हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरात जायचा आणि वादकांची चित्रं काढायचा. त्याच्या शाळेत चित्रकलेचा विषयच नव्हता, म्हणून त्याने बाहेर क्लास लावले. १९४० मध्ये शाळा संपल्यावर उन्हाळ्यात रेजिनाल्ड मार्श या चित्रकाराच्या वर्गात बसला. मार्श हे रस्त्यावरची, बाजारातली साधी माणसं रंगवायचे.

त्याच वर्षी रॉय ओहायो राज्यातल्या विद्यापीठात चित्रकला शिकायला गेले. तिथे त्यांना असा गुरू भेटला की त्याची शिकवण जन्मभर पुरली.

अंधाऱ्या खोलीतला धडा

या गुरूचं नाव होतं हॉइट शर्मन. त्यांची शिकवायची पद्धत वेगळीच होती. मुलांना ते एका अंधाऱ्या खोलीत बसवायचे. समोरच्या पडद्यावर एखादं चित्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर चमकायचं आणि पुन्हा मिट्ट काळोख. त्या काळोखातच मुलांनी दिसलं ते कागदावर उतरवायचं.

सुरुवातीला मुलांना काही सुधरायचं नाही. मग हळूहळू नजर तयार व्हायची. नाक कसं आणि कान कसा हे बघत बसायला वेळच नसायचा, त्यामुळे चित्र एकदम, अख्खंच्या अख्खं बघायची सवय लागायची. कुठे काळं, कुठे पांढरं, कुठली रेघ कुठे जाते, एवढंच डोक्यात राहायचं.

पुढे रॉय यांची जी चित्रं गाजली त्यांच्या मुळाशी हाच धडा आहे. त्यांचं चित्र लांबून एका नजरेत कळतं. रस्त्याने गाडीवरून जाताना चौकातला फलक जसा क्षणात डोळ्यांत भरतो, तसंच. रॉय गुरूला विसरले नाहीत. पैसा-नाव मिळाल्यावर त्यांनी त्याच विद्यापीठात शर्मन यांच्या नावाची कलाशाळा उभी राहावी म्हणून मदत केली.

लष्करात भरती, पिकासोच्या दारातून माघार

शिक्षण अर्धवट असतानाच १९४३ मध्ये लष्कराचं बोलावणं आलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. रॉय तीन वर्षं फौजेत राहिले आणि युरोपात जाऊन आले. तिथेही हातातली पेन्सिल सुटली नाही. सैनिकांच्या वर्तमानपत्रात येणारी व्यंगचित्रं वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी मोठी करून काढायचं काम त्यांच्याकडे आलं होतं, असं सांगतात. छापील लहान चित्र मोठं करायचं हेच काम पुढे त्यांना जगभर नाव देणार होतं. पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

युद्ध संपल्यावर काही दिवस ते पॅरिसला होते. पाब्लो पिकासो हे त्या काळातले सगळ्यात मोठे चित्रकार तिथेच राहायचे. रॉय त्यांना भेटायला निघाले, पार त्यांच्या कामाच्या जागेपर्यंत गेले. पण ऐन वेळी धीर झाला नाही. आपण कोण, एवढ्या मोठ्या माणसाचा वेळ का घ्यायचा, असं वाटलं आणि ते तसेच माघारी फिरले.

तेवढ्यात वडील आजारी असल्याचा निरोप आला. रॉय घरी परतले आणि १९४६ च्या सुरुवातीला वडील वारले. युद्धावरून आलेल्या सैनिकांना शिकण्यासाठी सरकार पैसे देत होतं. त्या योजनेतून रॉय यांनी ओहायोत राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं, १९४९ मध्ये वरची पदवीही घेतली. शिकता शिकता तिथेच शिकवायलाही लागले. त्याच वर्षी इसाबेल विल्सन यांच्याशी लग्न झालं.

दहा वर्षांची ओढाताण

इथून पुढची दहा वर्षं मात्र ओढाताणीची गेली. विद्यापीठातली नोकरी कायम झाली नाही. १९५१ मध्ये ती सुटली आणि नवरा-बायको क्लीव्हलँड शहरात राहायला गेले. इसाबेल घरांच्या आतल्या सजावटीचं काम करायच्या, त्यावर संसाराला आधार होता.

रॉय मिळेल ते काम करायचे. कधी कारखान्यासाठी यंत्रांचे आराखडे काढले, कधी दुकानांच्या दर्शनी काचेमागची सजावट केली. हाताशी पैसे जमले की काम सोडायचं आणि चित्रं काढत बसायचं. पैसे संपले की पुन्हा काम शोधायचं. दोन मुलं झाली, १९५४ मध्ये डेव्हिड आणि १९५६ मध्ये मिचेल.

चित्रं काढणं चालूच होतं. न्यूयॉर्कमध्ये मधून मधून प्रदर्शनंही भरत होती, पण त्या चित्रांनी कोणी थबकत नव्हतं. त्या काळी अमेरिकेत अमूर्त चित्रांचा जोर होता. मोठ्या कॅनव्हासवर रंग ओतायचा, उडवायचा, जोरजोरात ब्रश मारायचा आणि त्यातून मनातली खळबळ दाखवायची, ही पद्धत. जॅक्सन पोलॉक हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. रॉय यांनीही तसं करून पाहिलं. पण जे शंभर जण करतायत तेच आपण करायचं, मग आपलं वेगळं काय? ही अडचण काही सुटत नव्हती.

१९५७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो या गावी कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. १९६० मध्ये न्यू जर्सीतल्या डग्लस कॉलेजात बदल झाला. हे कॉलेज न्यूयॉर्क शहराच्या जवळ. तिथे त्यांना ॲलन कॅप्रो नावाचे सहकारी भेटले. हा माणूस भलताच निघाला. एका प्रदर्शनात त्यांनी अंगणभर मोटारीचे जुने टायर टाकून ठेवले आणि हीच माझी कलाकृती म्हणून सांगितलं. कला ही कलेसारखी दिसायलाच पाहिजे असं नाही, हा विचार रॉय यांच्या डोक्यात इथे पक्का बसला.

मुलाने चिडवलं, बापाने मनावर घेतलं

१९६१ साल. रॉय तेव्हा ३७ वर्षांचे. असं सांगतात की त्यांच्या मुलाने मिकी माऊसचं पुस्तक समोर धरलं आणि एवढं चांगलं चित्र बाबांना काही जमायचं नाही, असं म्हणून त्यांना चिडवलं. ही गोष्ट प्रत्येक जण थोडी वेगळी सांगतो. पण त्या वर्षी रॉय यांनी मुलांच्या पुस्तकातलं एक चित्र घेऊन मोठ्या कॅनव्हासवर रंगवलं, एवढं खरं.

त्या चित्राचं नाव ‘लुक मिकी’. डोनाल्ड डक पाण्याच्या कडेला गळ टाकून उभा आहे. त्याला वाटतंय, मोठा मासा लागला. खरं म्हणजे गळ त्याच्याच कोटाला मागून अडकलाय. मिकी माऊस हे बघतोय आणि तोंडावर हात ठेवून हसू दाबतोय. चित्राची उंची चार फूट, रुंदी पावणेसहा फुटांच्या आसपास. रंग निवडक, ठळक. डोनाल्डच्या डोक्यावर संवादाचा फुगा, अगदी पुस्तकात असतो तसा. डोनाल्डच्या डोळ्यांत आणि मिकीच्या चेहऱ्यावर छपाईत असतात तसे ठिपके.

दहा-बारा वर्षं जे सापडत नव्हतं ते इथे सापडलं. मन, भावना, खळबळ यांचा मागमूस नाही. ब्रशची खूण दिसत नाही. जणू यंत्रातून छापून आलेलं चित्र, पण हाताने रंगवलेलं.

प्रदर्शनाआधीच चित्रं खपली

कॅप्रो यांच्या ओळखीने रॉय यांची चित्रं न्यूयॉर्कच्या लिओ कॅस्टेली यांच्या गॅलरीत पोहोचली. गॅलरी म्हणजे चित्रं मांडायचं आणि विकायचं दुकान. कॅस्टेली यांचा शब्द त्या बाजारात वजनदार होता. त्यांनी चित्रं ठेवून घेतली.

गंमत अशी की, त्याच काळात अँडी वॉरहॉल नावाचा दुसरा एक चित्रकारही कॉमिक्सवरून चित्रं काढत होता. कॅस्टेलींच्या गॅलरीत त्याने रॉय यांचं काम पाहिलं. हा माणूस आपल्या पुढे गेलाय, हे त्याला उमगलं. त्याने कॉमिक्सचा नाद सोडला आणि सूपच्या डब्यांची चित्रं काढायला घेतली. पुढे त्याच डब्यांनी वॉरहॉल जगप्रसिद्ध झाला.

फेब्रुवारी १९६२ मध्ये कॅस्टेली गॅलरीत रॉय यांचं प्रदर्शन भरलं. दारं उघडायच्या आधीच सगळी चित्रं विकली गेली होती. रॉय यांचं वय होतं ३८. दोन वर्षांनी त्यांनी कॉलेजची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ चित्रं काढायला लागले.

या नव्या चालीला ‘पॉप आर्ट’ म्हणतात. पॉप म्हणजे पॉप्युलर, लोकांमध्ये चालणारं. जाहिराती, डबे-बाटल्या, सिनेमाच्या नट-नट्या, कॉमिक्स, असं रोज डोळ्यांसमोर येणारं जे जे आहे ते चित्रात आणायचं. याची सुरुवात इंग्लंडमध्ये १९५० नंतरच्या काळात झाली होती. अमेरिकेत रॉय आणि वॉरहॉल यांनी त्याला घराघरांत नेलं.

चित्र कसं तयार व्हायचं?

वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगातून बघितला तर तो बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो. लांबून बघितलं की ठिपके एकमेकांत मिसळून रंग वाटतो. शाई कमी लागावी आणि छपाई स्वस्त पडावी म्हणून ही युक्ती. १८७९ मध्ये बेंजामिन डे या अमेरिकी माणसाने ठिपक्यांची एक पद्धत काढली. त्यांच्या नावावरून त्यांना ‘बेन-डे ठिपके’ म्हणतात. जुन्या कॉमिक्समध्ये माणसाच्या कातडीचा गुलाबी रंग पांढऱ्यावर लाल ठिपके मारून आणलेला असायचा.

छपाईत हे ठिपके लपायचे. रॉय यांनी तेच मोठे करून लोकांसमोर मांडले. त्यांच्या चित्रातल्या बाईचा गाल म्हणजे लाल ठिपक्यांच्या रांगाच रांगा.

त्यांची काम करायची रीत अशी होती. आधी कॉमिक्समधला एखादा चौकोन निवडायचा. तो समोर ठेवून हाताने छोटं रेखाटन करायचं. यात ते बदल करायचे, नको ते काढून टाकायचे, रेघा सरळ-ठळक करायचे. मग ते रेखाटन एका यंत्राने मोठ्या कॅनव्हासवर पाडायचं आणि पेन्सिलने गिरवायचं. पुन्हा त्यात दुरुस्त्या. त्यानंतर ठिपके, मग लाल-पिवळा-निळा असे सपाट रंग आणि शेवटी जाड काळ्या रेघा.

सुरुवातीला ठिपक्यांसाठी त्यांनी कुत्र्याचे केस विंचरायचा प्लास्टिकचा ब्रश रंगात बुडवून वापरला. ठिपके वेडेवाकडे यायचे. मग भोकं पाडलेले पत्रे आणले. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी आपल्याकडे भोकं पाडलेला कागद वापरतात, तसाच हा प्रकार. पत्रा कॅनव्हासवर ठेवायचा आणि भोकांतून रंग लावायचा. काम किचकट आणि वेळखाऊ. पुढे या कामाला त्यांनी मदतनीसही ठेवले.

चित्र सगळ्या बाजूंनी फिरवता येईल असा स्टँड त्यांनी करून घेतला होता. चित्र उलटं करून रंगवायचं, आरशात बघायचं. डोनाल्ड आहे की बाई आहे हे डोक्यातून जावं आणि नुसते आकार दिसावेत, हा त्यामागचा हेतू. शर्मन गुरुजींच्या अंधाऱ्या खोलीचाच हा पुढचा धडा.

विमान आणि बुडणारी मुलगी

१९६३ मध्ये त्यांनी दोन चित्रं काढली, ती सगळ्यात जास्त नावाजली.

एकाचं नाव ‘व्हाम’. दोन कॅनव्हास जोडून केलेलं हे चित्र तेरा फुटांहून लांब आहे. डावीकडे लढाऊ विमान, त्याने सोडलेला अग्निबाण उजवीकडच्या विमानावर आदळतो आणि आगीचा लाल-पिवळा लोळ उठतो. स्फोटाचा आवाज पिवळ्या अक्षरांत लिहिलेला. लंडनच्या टेट संग्रहालयाने १९६६ मध्ये हे चित्र ३,९४० पौंडांना घेतलं. असलं चित्र घ्यायला तिथल्या काही विश्वस्तांचा विरोध होता. आज ते त्या संग्रहालयातल्या सगळ्यात ओळखीच्या चित्रांपैकी एक म्हणून गणलं जातं.

दुसरं ‘ड्राउनिंग गर्ल’, म्हणजे बुडणारी मुलगी. उंच लाटेत एक मुलगी बुडतेय, डोळ्यांत पाणी आहे. प्रियकराला मदतीला हाक मारण्यापेक्षा बुडालेलं बरं, असं तिच्या मनात चाललंय. मूळ कॉमिक्समध्ये मागे उलटलेली होडी आणि तिला धरलेला तो तरुणही होता. रॉय यांनी दोन्ही काढून टाकलं. उरली ती मुलगी आणि लाट. जपानचे जुने चित्रकार होकुसाई यांची लाटेची चित्रं प्रसिद्ध आहेत, त्यांची आठवण रॉय यांच्या डोक्यात होती. हे चित्र आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

देशातला सगळ्यात वाईट चित्रकार?

नाव झालं तशी टीकाही झाली. १९६४ च्या जानेवारीत ‘लाइफ’ या त्या काळच्या प्रचंड खपाच्या मासिकाने रॉय यांच्यावर लेख छापला. हा माणूस अमेरिकेतला सगळ्यात वाईट चित्रकार आहे का, असा प्रश्न मथळ्यातच विचारला होता. पंधरा वर्षांपूर्वी त्याच मासिकाने पोलॉक हा देशातला सगळ्यात थोर हयात चित्रकार आहे का, असं विचारलं होतं. रॉय यांच्या वेळी प्रश्न मुद्दाम उलटा केला.

रॉय यांनी यावर आरडाओरडा केला नाही. स्वभावच तसा होता. कमी बोलायचं, सकाळी कामाला बसायचं, संध्याकाळपर्यंत रंगवत राहायचं.

मग मूळ चित्र काढणाऱ्यांचं काय?

आता वादाच्या खऱ्या मुद्द्याकडे येऊ. रॉय यांनी जे चौकोन उचलले, ते आभाळातून पडलेले नव्हते. ते कोणीतरी काढलेले होते.

‘व्हाम’चा मूळ चौकोन अर्व्ह नोविक यांनी १९६२ च्या एका युद्धाच्या कॉमिक्ससाठी काढलेला. बुडणारी मुलगी मुळात टोनी अब्रुझो यांची. रॉय यांचं ‘ब्लॅम’ नावाचं आणखी एक विमानाचं चित्र रस हीथ यांच्या चौकोनावरून घेतलेलं. ही माणसं कंपनीसाठी पानाच्या दराने काम करायची. ठरलेल्या तारखेला पानं द्यायची आणि पैसे घ्यायचे. चित्रावर हक्क कंपनीचा. पुस्तक कितीही खपलं तरी वरचा पैसा नाही. बऱ्याच वेळा चित्र कोणी काढलं ते नावही छापत नसत.

रॉय यांची चित्रं संग्रहालयात लागली तेव्हा खाली नाव होतं फक्त रॉय यांचं. या चित्रकारांना ना पैसा मिळाला, ना श्रेय. पुढे एका कलाशिक्षकाने वर्षानुवर्षं जुनी कॉमिक्स धुंडाळली. कुठलं चित्र कुठल्या पानावरून आलं याची जुळवाजुळव करून सगळ्यांसमोर ठेवली. तेव्हा कुठे ही नावं लोकांना कळायला लागली.

रस हीथ ९१ वर्षं जगले आणि २०१८ मध्ये वारले. म्हातारपणी त्यांना पैशाची चणचण होती. अडचणीतल्या कॉमिक्स चित्रकारांना मदत करणाऱ्या एका संस्थेने त्यांना हात दिला. त्या संस्थेसाठी त्यांनी एक पानी कॉमिक्स काढलं आणि त्यात आपली ही जुनी सल मांडली. पिकवणाऱ्याच्या हातात काय पडतं आणि बाजारात भाव कुठे जातो, हा हिशेब गावाकडच्या माणसाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी बाजूही आहे. रॉय यांच्या बाजूचे लोक म्हणतात, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. रॉय यांनी रेघ बदलली, रंग बदलला, माणसं काढून टाकली, आकार शंभरपट केला. मूळ चौकोन गोष्टीचा एक तुकडा होता, पान उलटलं की विसरून जायचा. रॉय यांनी तो थांबवला आणि लोकांना बघायला लावलं. आणि रद्दीत जाणाऱ्या चित्रातही बघण्यासारखं काही असतं, हे संग्रहालयांना त्यांच्यामुळेच पटलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पुढे जे कोटीच्या कोटी उडाले ते रॉय यांच्याही खिशात गेले नाहीत. दाराच्या भोकातून डोकावणाऱ्या माणसाचं त्यांचं एक चित्र १९८८ मध्ये २१ लाख डॉलरला आणि २०११ मध्ये ४ कोटी ३२ लाख डॉलरला विकलं गेलं. ‘नर्स’ नावाचं चित्र २०१५ च्या लिलावात ९ कोटी ५४ लाख डॉलरला गेलं. हा पैसा ज्याच्या भिंतीवर चित्र होतं त्या मालकाचा. म्हणजे ज्याने मूळ चित्र काढलं त्याला पानाचा दर, ज्याने मोठं केलं त्याला पहिल्या विक्रीचा भाव आणि खरी मलई तिसऱ्याला.

अकराशे कोटींच्या चित्राची कथा मात्र थोडी वेगळी आहे. ‘मास्टरपीस’ नावाचं हे चित्र १९६२ चं. त्यात एक सुंदर बाई एका चित्रकाराला सांगतेय की, तुझं हे चित्र अप्रतिम आहे, लवकरच सगळं न्यूयॉर्क तुझ्या चित्रांसाठी धावेल. रॉय यांनी स्वतःचीच केलेली थट्टा होती ती, पण झालं मात्र तसंच! हे चित्र ज्यांच्याकडे होतं त्या ॲग्नेस गंड या बाईंनी ते विकलं आणि त्यातले दहा कोटी डॉलर अमेरिकेतल्या तुरुंगांत खितपत पडणाऱ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून काढलेल्या निधीला दिले.

कॉमिक्सच्या पुढे

रॉय यांनी जन्मभर कॉमिक्सच रंगवली असा समज आहे, तो बरोबर नाही. १९६५ नंतर त्यांनी कॉमिक्समधले चौकोन घेणं जवळजवळ सोडलं. ठिपके आणि काळ्या रेघा मात्र तशाच ठेवल्या. आधीच्या चित्रकारांचा जोरदार ब्रशचा फटका त्यांनी कॉमिक्ससारखा आखून-रेखून रंगवला. ज्या पिकासोच्या दारातून ते माघारी फिरले होते, त्यांच्या चित्रांवरूनही आपल्या पद्धतीची चित्रं केली. फ्रान्सच्या मोने यांच्या गवताच्या गंज्या ठिपक्यांत उतरवल्या.

पहिलं लग्न टिकलं नाही. १९६८ मध्ये त्यांनी डोरोथी हर्झका यांच्याशी लग्न केलं. १९७० मध्ये दोघे न्यूयॉर्कपासून दूर, समुद्राजवळच्या साउदॅम्प्टन गावात राहायला गेले.

१९७७ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने त्यांना शर्यतीची गाडी रंगवायला दिली. गाडी पळताना जो रस्ता, जो सूर्य, जी झाडं दिसतात ती त्यांनी गाडीच्याच अंगावर ठिपक्या-रेघांत काढली. ती गाडी फ्रान्सच्या चोवीस तासांच्या प्रसिद्ध ल माँ शर्यतीत धावली, एकूण नववी आली आणि आपल्या गटात पहिली.

१९९२ च्या ऑलिंपिकच्या वेळी स्पेनच्या बार्सिलोना शहरात त्यांचं रंगीत फरशीच्या तुकड्यांनी मढवलेलं उंच शिल्प उभं राहिलं. १९९५ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय कला पदक आणि जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. ज्याला सगळ्यात वाईट म्हणून हिणवलं होतं, त्याचाच देशाने असा सन्मान केला.

शेवटच्या वर्षांत त्यांनी जुन्या चिनी चित्रांसारखे डोंगर आणि धुकं ठिपक्यांनी रंगवलं. मोठ्या डोंगराखाली होडीत बसलेला इवलासा माणूस, आणि धुकं म्हणजे लहान होत जाणारे ठिपके. सत्तरीच्या घरात त्यांनी सॅक्सोफोन हे वाद्यही शिकायला घेतलं. पोरवयात अपोलो थिएटरात ऐकलेलं संगीत म्हातारपणी हातात आलं.

२९ सप्टेंबर १९९७ रोजी न्यूमोनियाने न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. वय ७३ होतं.

त्यांनी केलेलं ५३ फूट लांबीचं एक भित्तिचित्र २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर रेल्वे स्थानकात लागलं. कामावर जाणारी माणसं रोज त्याखालून जातात. २०२३ मध्ये, त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होत असताना, अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्रांची पाच तिकिटं काढली.

चाळिशीपर्यंत ज्याला कोणी विचारत नव्हतं, त्याने हात थांबवला नाही आणि सगळे ज्याला रद्दी म्हणत होते त्याच्याकडे डोळे उघडून बघितलं. रॉय यांच्याकडून घ्यावं ते हेच. पण त्यांचं नाव घेताना नोविक, अब्रुझो आणि हीथ यांचीही नावं घ्यावीत. पानाच्या दराने राबलेल्या त्या हातांशिवाय ही गोष्ट सुरूच झाली नसती.